सहाव्या घराचा दोष

आपल्या हातून झालेलें कच्चें काम कोणाच्याहि लक्षांत येण्यासारखें नसेल, तर तें आपण होऊन सांगण्यास आपण बांधलेले आहों काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न पुष्कळ वेळां येतो, व तेथें त्याची चर्चा बहुधा धान्याच्या व्यापाऱ्याच्या, घर विकणाऱ्याच्या किंवा घोडा विकणाऱ्याच्या उदाहरणानें होते. माझ्यापुढें तो प्रश्न निराळ्याच वस्तूनें उभा केला. ती वस्तु म्हणजे माझ्या आजोबांचें रिव्हॉल्व्हर. वाचकांनीं दचकूं नये. या लेखांत एकहि गोळी सुटणार नाहीं. किंबहुना ती सुटली नाहीं, हीच या प्रकरणांतली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट आहे.

माझें आजोळ पेठ वडगांव. हातकणंगले तालुक्यांतलें हें जुनें बाजाराचें गांव. सेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं या भागांत वारले आणि त्यांची समाधि येथें आहे. परंतु परक्या माणसाला वडगांव माहीत असतें तें समाधीमुळें नव्हे, आठवड्याच्या बाजारामुळें. आजोबांची तेथें गुळाची व शेंगांची अडत होती. बाजार उठला कीं रोकड घेऊन रात्रीं-अपरात्रीं प्रवास करावा लागे, म्हणून संस्थानी अमलांत त्यांनीं दरबारचा परवाना काढून एक बत्तीस बोअरचें वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलें होतें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, तेव्हां परवान्याचा कागद बदलला. १९५९ चा शस्त्रकायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला, तेव्हां तो पुन्हां बदलला. वस्तु मात्र तीच राहिली. वर्षांतून एकदां, खंडेनवमीला, ती पाटावर येई; तिला हळदकुंकू लागे, झेंडूचें फूल वाहिलें जाई, आणि दुसऱ्या दिवशीं ती पुन्हां तिजोरींत जाऊन बसे. निवडणुका लागल्या म्हणजे ती पोलिसांकडे जमा होई. आमच्या आजीचें म्हणणें असें असे कीं, घरांतल्या कोणत्याहि सुनेनें इतकें सुख भोगलें नाहीं.

आजोबा वारल्यावर कायद्याप्रमाणें तें जमा करावें लागलें. पुढें मामांच्या नांवें परवाना झाला आणि तें परत आलें. तेव्हां मी कॉलेजांत होतों. इतकीं वर्षें तेलपाणी नव्हतें म्हणून मामांनीं तें कोल्हापुरास एका मिस्त्रींकडे तपासायला न्यायचें ठरविलें व मला बरोबर घेतलें. शस्त्र बाळगायलाच नव्हे, दुरुस्त करायलाहि सरकारी परवाना लागतो, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें. मिस्त्रींच्या दुकानांत तो परवाना चौकटींत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारीं लावलेला होता. दुकान त्यांच्या वडिलांनीं सुरू केलेलें. वडील वारून चार-पांच वर्षें झालीं होतीं.

पुढची हकीकत समजण्यासाठीं या यंत्राविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. सॅम्युएल कोल्टनें १८३६ सालीं अमेरिकेंत आपल्या रिव्हॉल्व्हरचें पेटंट घेतलें, आणि तेव्हांपासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाहीं. नळी एकच, परंतु काडतुसांचीं घरें सहा, आणि तीं एका जाड पोलादी चक्रांत वर्तुळाकार कोरलेलीं. अंगठ्यानें घोडा मागें ओढला कीं त्याच्याबरोबर आंतली एक लहानशी पट्टी वर सरकते, चक्राच्या पाठीवर असलेल्या दात्याला ढकलते, आणि चक्र एक षष्ठांश वळसा घेतें. इंग्रज कारागीर या पट्टीला 'हात' असें समर्पक नांव देतात. नवें घर नळीच्या बरोबर पाठीमागें आलें कीं खालून एक खटका वर येऊन चक्राच्या अंगावरील खांचेंत बसतो व चक्राला जखडून टाकतो. मग चाप ओढावा, घोडा पडावा, आणि बार नळींतून सुटावा. हातानें ढकलणें, खटक्यानें अडविणें आणि घोड्यानें पुरतें चढणें, या तीन क्रियांचा मेळ केसाएवढाहि चुकून चालत नाहीं. घोडा पुरता चढण्यापूर्वीं, निदान चढतांक्षणीं, चक्र आपल्या जागीं जखडलेलें असलें पाहिजे. या धंद्यांतले लोक याला 'टायमिंग' म्हणतात. आपण कालमेळ म्हणूं.

कोल्हापूरच्या माणसाला हा कालमेळ समजावून सांगण्याची खरोखर गरज नाहीं. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यांत फिल्म एकसारखी धांवत नसते. ती एक चित्रभर सरकते, भिंगापाठीमागें क्षणभर अगदीं निश्चल उभी राहते, त्या क्षणांत पडदा उघडतो व मिटतो, आणि ती पुन्हां सरकते. पडदा उघडा असतां फिल्म हलली तर चित्र पुसट येतें. ही युक्ति आणि रिव्हॉल्व्हरची युक्ति सख्ख्या बहिणी आहेत. १८७४ सालीं शुक्र सूर्यबिंबावरून जातांना त्याचीं ओळीनें छायाचित्रें घेण्यासाठीं जान्सन या फ्रेंच ज्योतिषानें जें यंत्र वापरलें त्याला त्यानें रिव्हॉल्व्हरचेंच नांव दिलें होतें, आणि १८८२ त मारे यानें उडत्या पक्ष्यांचीं सेकंदास बारा चित्रें टिपलीं तीं बंदुकीसारखें खांद्याला लावायचें यंत्र करून. पुढें कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साह्यानें आपला कॅमेरा आपणच घडविला, आणि त्यांच्या 'सैरंध्री'नें १९२० सालीं लोकांना थक्क केलें. ज्या शहरांत हा कॅमेरा कानशीनें घासून तयार झाला, त्या शहरांतला मिस्त्री कालमेळाच्या बाबतींत हट्टी असावा यांत नवल नाहीं.

कॅमेऱ्याचा कालमेळ बिघडला तर चित्र बिघडतें. रिव्हॉल्व्हरचा बिघडला तर काडतुसाचें घर नळीच्या थोडें अलीकडे राहतें. गोळी नळीच्या मागच्या कडेवर आपटते, शिशाचा एक पापुद्रा सोलून निघतो व बाजूच्या फटींतून बाहेर उडतो. तो बार करणाऱ्याच्या हातावर बसेल, शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. अंतर फारच राहिलें तर हत्यार हातांत फुटेलहि. म्हणजे दोष लहान असो वा मोठा, त्याची शिक्षा कोणाला होईल हें ठरलेलें नसतें.

मिस्त्रींनीं रिव्हॉल्व्हर प्रथम उघडून रिकामें आहे याची खात्री केली. मग मामांना तें पाहावयास लावलें आणि मग पुन्हां स्वतः पाहिलें. नंतर चक्रामागच्या चांदणीसारख्या भागाखालीं बारीक ब्रश फिरवून काजळी झाडली. जळक्या दारूचे दोन कण तेथें अडकले तरी चक्र अडखळतें. "निम्मी आजारपणं इथंच बरी होतात, मालक," असें ते म्हणाले. खडूनें सहा घरांवर आंकडे घातले. मग त्यांनीं जें केलें तें मी आजतागायत विसरलों नाहीं. डाव्या हाताचें एक बोट त्यांनीं चक्रावर अगदीं हलकें टेकविलें, जणुं कांहीं फिरणाऱ्या चक्राला थोडा आळस यावा, आणि उजव्या अंगठ्यानें घोडा इतका सावकाश चढविला कीं मला वाटलें, ते झोंपीं गेले. खटका बसल्याचा बारीक आवाज झाला. एक. पुन्हां तसेंच. दोन. पांचव्या घरापर्यंत तो आवाज बरोबर आला. सहाव्याला घोडा पुरता चढला, पण आवाज आला नाहीं. चक्र किंचित् अलीकडेच थांबलें होतें.

मामांनीं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातांतून घेतलें आणि आपल्या पद्धतीनें सहा वेळां झटक्यानें घोडा चढवून दाखविला. सहाही वेळां खटका बसला. "हें पाहा," मामा म्हणाले, "वडलांनी चाळीस वर्षं बाळगलं. कधी कुरकुर नाही."

"बाळगलं म्हणजे उडवलं न्हवं, मालक. आणि जोरानं चढवलं की चक्राला स्वतःचाच झोक मिळतो. त्या झोकानं ते जागेवर जाऊन बसतं. हातानं ढकलून न्हाई बसत. हळू चढवा म्हंजे कळंल."

यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें यांत गूढ कांहीं नाहीं. वेगांत चक्राचें जडत्व कमी पडलेल्या ढकलीची भर काढतें. संथ गतींत ती सोय नसते. परंतु अशा परीक्षेला माणसें का टाळतात हें मला त्या वेळीं मामांच्या चेहऱ्यावर दिसलें. मिस्त्रींनीं पुढें नळीच्या तोंडांतून तिच्या मापाची एक गुळगुळीत सळई आंत सोडली. पांच घरांत ती सरळ उतरली, सहाव्याच्या कडेला अडली. फटींत फीलर गेजच्या पात्या घालून पाहिल्या. तें अंतर ठीक होतें. मग निदान सांगितलें. साहाही घरांत उणीव असती तर 'हात' झिजला असें म्हणतां आलें असतें, कारण हात सर्वांना एकच. उणीव एकाच घरांत आहे, त्या अर्थीं त्या घराचा दाता गेलेला. त्यांनीं भिंग लावलें, बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले कीं हा दाता नुसता झिजलेला नाहीं. पूर्वीं कोणीतरी हातोडीनें ठोकून पसरविलेला आहे. झिजलेल्या दात्याचा धातु असा ठोकून पुढें आणला कीं तो कांहीं दिवस हाताला पुरा पडतो. मग ती पसरलेली कड पुन्हां दबते. सोपा इलाज. खरा इलाज म्हणजे तो भाग नवा बसविणें, आणि तो कोणी आतां विकत नसल्यानें घडविणें. तसें न करतां जाड हात बसविला तर एक दाता सुधारेल, पण उरलेल्या पांच घरांना तो जास्त होईल; मग ते पांच दाते तेलाच्या दगडावर एकेक करून घासावे लागतील. कानशीनें काढतां येतें, मालक, घालतां येत न्हाई, असें ते बोलले.

मामा चिडले. "कुणा गाढवानं ठोकलंय हे?"

हा प्रश्न नव्हता, उद्गार होता. उत्तराची अपेक्षा मामांनाहि नव्हती. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग आंतल्या खोलींत जाऊन जुन्या वह्यांचा एक गठ्ठा घेऊन आले. शस्त्रांच्या दुकानाला प्रत्येक हत्याराची नोंद क्रमांकासकट ठेवावी लागते. त्यांनीं पानें उलटलीं, आमच्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक शोधला, आणि वही मामांपुढें सरकविली. मोडींतून बाळबोधींत उतरलेलें असें तें वळण होतें. आजोबांचें नांव, क्रमांक, तारीख, आणि पुढें तीन शब्द: दाता ठोकून दिला.

"हे आमच्या वडलांचं काम," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्यें मामा हंसत होते. मामींनीं मात्र ही हकीकत ऐकून पोळपाटावरचा हात थांबविला आणि विचारलें, "मेलेल्या बापाचं नांव कशाला काढायचं? खोटं बोल म्हणत नाही मी. गप्प बसायचं." मामींचें हें म्हणणें मला तेव्हांहि टाकाऊ वाटलें नव्हतें आणि आजहि वाटत नाहीं. दोष सांगणें एक, आणि तो कोणाचा तें सांगणें दुसरें. पहिल्यानें ग्राहकाचा जीव वांचतो. दुसऱ्यानें काय साधतें?

या ठिकाणीं जुन्या ग्रंथकारांचा आधार घ्यावा असें वाटतें. सिसेरोनें इ. स. पूर्वीं ४४ सालीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत त्यानें बाबिलोनचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन तत्त्वज्ञांचा वाद दिला आहे. एका माणसाला आपलें घर विकावयाचें आहे. घर रोगट आहे, त्याचें लांकूड कुजकें आहे, निजायच्या खोल्यांत साप निघतात. पण हें धन्याखेरीज कोणाला माहीत नाहीं. अँटिपेटर म्हणतो, न सांगतां विकणें हें वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यापेक्षांहि वाईट. डायोजिनीस म्हणतो, मीं घ्या असा आग्रह केला नाहीं. जें मीं बोललोंच नाहीं त्याचा जाब मला कां? माझें रोगट घर विकणें आहे अशी दवंडी पिटणाराएवढा मूर्ख कोण? सिसेरो अँटिपेटरच्या बाजूला उभा राहतो. आपल्याकडे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत भेसळीचा, निःसत्त्व, वजनांत उणा, दूर ठेवलेला किंवा झांकलेला माल विकूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे, आणि घेतलेली वस्तु न पटल्यास दहा दिवसांच्या आंत परत करण्याची सोय ठेवली आहे. दहा दिवस! ठोकलेला दाता अकराव्या दिवशीं मुळींच बोलत नाहीं; तो पंचवीस वर्षांनीं बोलतो.

माझे एक वकील स्नेही आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हां त्यांनीं १८७२ च्या करार कायद्याचें सतरावें कलम काढून दाखविलें. नुसतें मौन म्हणजे कपट नव्हे, असें तें कलम सांगतें, आणि खालीं उदाहरणें देतें. एक मनुष्य लिलावांत घोडा विकतो. घोडा सदोष आहे हें त्याला ठाऊक आहे. तो कांहीं बोलत नाहीं. हें कपट नव्हे. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच वयांत आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच सांगणें त्याचें कर्तव्य होतें. आणि घेणारा म्हणाला कीं, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा चांगला असें मी समजेन, तर तेथें गप्प राहणें बोलण्यासारखेंच आहे. (घोडा या शब्दाचा बंदुकीशीं असलेला संबंध कायदा करणाऱ्या इंग्रजांना माहीत असता तर त्यांना गंमत वाटली असती.) वकीलसाहेबांच्या मतें मिस्त्रींवर कायद्यानें कोणतेंहि बंधन नव्हतें. काम वडिलांचें, गिऱ्हाईक आजोबा, दोघेहि स्वर्गवासी. आणि मुदत तर केव्हांच टळलेली.

मला या उदाहरणांतली मुलगी महत्त्वाची वाटते. बापानें मुलीला सांगितलेंच पाहिजे असें कायदा कां म्हणतो? ती नात्यानें जवळची आहे म्हणून, हें उत्तर अपुरें आहे. ती घोडा तपासणार नाहीं म्हणून, हें खरें उत्तर. बापाच्या शब्दावर ती डोळे मिटून बसेल. मग जो गिऱ्हाईक आपलें हत्यार काउंटरवर ठेवतो आणि ज्याला हळू चढविणें म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, तो त्या मुलीच्याच जागीं नाहीं काय? घड्याळजी, वैद्य, विहिरीचें बांधकाम करणारा गवंडी, या सर्वांपुढें आपण त्या मुलीसारखेच उभे असतों. नातें रक्ताचें नसेल, अज्ञानाचें आहे, आणि तेंहि नातेंच.

हें झालें दोष सांगण्याविषयीं. मामींचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. यावर मीं पुष्कळ विचार केला, आणि माझें मत मिस्त्रींच्या बाजूनें कां पडलें तें सांगतों. वहींतले ते तीन शब्द पाहा. मिस्त्रींच्या वडिलांनीं लपविलें नव्हतें. लिहून ठेवलें होतें. बहुधा आजोबांना सांगितलेंहि असेल कीं, हें तात्पुरतें आहे, वर्षादोन वर्षांनीं घेऊन या. आजोबा बाजारच्या गडबडींत विसरले असतील. पण आजोबा गेल्यावर तें सांगणें कोठें राहिलें? तोंडानें सांगितलेलें सत्य वारसाहक्कानें पुढच्या पिढीकडे जात नाहीं, रिव्हॉल्व्हर जातें. त्या वहीचें तोंड मिटून ठेवणें म्हणजे बापानें प्रामाणिकपणें लिहिलेली ओळ मुलानें खोडण्यासारखें झालें असतें. मामा ज्याला गाढव म्हणाले त्या माणसाचें नांव झांकलें असतें, तर झांकण्यासारखें कांहीं होतें असें मुलानेंच कबूल केल्यासारखें होतें. मामींना मीं हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "हे तुमचं पुस्तकातलं." तें असो.

येथें कोणी विचारील कीं, माणसें मारण्याच्या साधनाविषयीं एवढी नीतीची चर्चा कशाला? मोडकें राहिलेलेंच बरें नव्हे काय? हा आक्षेप मला वाटतो तितका भारी नाहीं. वनपर्वांतला मिथिलेचा धर्मव्याध मांस विकीत असे, आणि तरीहि एका तपस्वी ब्राह्मणाला त्याच्याकडे धर्म शिकावयास जावें लागलें. शस्त्र असावें कीं नसावें हा स्वतंत्र प्रश्न आहे, व तो परवाना देणाऱ्यानें आणि मागणाऱ्यानें सोडवावा. परंतु बिघडलेलें शस्त्र अधिक अहिंसक असतें ही समजूत मात्र खोटी आहे. त्याची हिंसा तेवढीच राहते, फक्त ती कोणाकडे जाईल याचा नेम राहत नाहीं.

आतां ज्या भागासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो भाग. मिस्त्रींनीं मामांना सांगितलें होतें कीं, नवा भाग घडवायला तीन महिने लागतील, मजुरी घेणार नाहीं, तोंवर यांत काडतूस घालूं नका. मामांनीं मान डोलविली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन आले. ज्याच्या बापानें बिघडविलें त्याच्याकडेच पुन्हां द्यायचें काय, असें त्यांनीं बाजारांत चारचौघांत बोलून दाखविलें. ती गोष्ट रंगवून सांगण्यासारखी होतीच. पंचक्रोशींत परवाने असणारीं माणसें मोजकीं. त्यांतलीं कांहीं पुढें त्या दुकानाकडे वळलीं नाहींत असें माझ्या कानांवर आलें. सत्य सांगितल्याबद्दल त्या माणसाला मिळालेलें हें वेतन.

महिन्याभरानें मामांनीं दुसऱ्या गांवच्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे रिव्हॉल्व्हर नेलें. याहि वेळीं मी बरोबर होतों. त्या माणसानें तें पुसलें, तेल दिलें, आणि झटक्यानें, एकामागून एक, सहा वेळां घोडा चढवून पाडला. "एकदम फर्स्टक्लास," तो म्हणाला. मामांनीं माझ्याकडे पाहिलें. त्यांच्या नजरेंत विजय होता, असें मीं तेव्हां समजलों.

मी बोललों नाहीं.

एक वाक्य पुरें होतें: जरा हळू चढवून पाहा. मला चाचणी माहीत होती, सहावें घर कोणतें तें माहीत होतें. खडूचा पुसट आंकडा चक्रावर अजून दिसत होता. मामांचा अपमान होईल, परक्या दुकानांत भाच्यानें मध्यें तोंड घालूं नये, मामा कोठें बार काढणार आहेत, घरीं गेल्यावर सांगूं, अशीं कारणें मीं तेथल्या तेथें जुळविलीं, व तीं भराभर जुळलीं. घरीं गेल्यावर सांगितलें नाहीं. पुढच्या खंडेनवमीला सांगूं म्हटलें. त्यानंतर तर इतकीं वर्षें गप्प राहिल्यावर आतां सांगणें हेंच विचित्र दिसलें असतें.

कांहींच घडलें नाहीं. मामांनीं उभ्या आयुष्यांत त्यांतून एकहि बार काढला नाहीं. परिणामावरून कृतीची किंमत करणारे म्हणतील, मग तुझ्या मौनानें कोणाचें काय गेलें? हा युक्तिवाद मला पुष्कळ वर्षें आवडत आला. पण तोच न्याय लावला तर मिस्त्रींच्या बोलण्यानेंहि कोणाचें कांहीं वांचलें नाहीं. उलट त्यांचें गिऱ्हाईक तुटलें. म्हणजे हिशेबाच्या वहींत त्यांचें सत्य तोट्याला आणि माझें मौन फायद्याला लिहावें लागेल. ज्या रीतीनें असा जमाखर्च निघतो, ती रीतच कोठेंतरी चुकलेली असली पाहिजे, एवढें मला कळतें. मौन आणि अपघात यांच्यामध्यें मामांच्या सुदैवाखेरीज दुसरें कांहींहि उभें नव्हतें, आणि तें सुदैव मीं मिळविलेलें नव्हतें. तो दुसरा दुरुस्ती करणारा निदान अज्ञानी तरी होता. त्या दुकानांत तिघांपैकीं ज्याला कळत होतें असा मी एकटा होतों.

एकटा होतों, असें मी धरून चाललों होतों. गेल्या वर्षीं मामांनीं वयोमानामुळें परवाना परत करायचें ठरविलें. मुलांपैकीं कोणाला तें हत्यार नको होतें. अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायला आम्ही दोघे गेलों. वाटेंत गाडींत मामा एकाएकीं म्हणाले, "त्या दिवशी तू काहीतरी बोलशील असं मला वाटलं होतं."

मीं विचारलें, "मग तुम्ही का नाही बोललात?"

"माझा बाप होता रे तो," मामा म्हणाले, "चाळीस वर्षं तेच घेऊन फिरला."

विक्रेत्यानें रिव्हॉल्व्हर उघडून क्रमांक पडताळला, मिटलें, व छापील पावती भरावयास घेतली. क्रमांक, बोअर, बनावट. स्थिति या रकान्यापाशीं त्यानें मामांकडे पाहिलें, "चालू आहे ना?" मामांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, "सहाव्या घराचा दाता गेलेला आहे. हळू चढवून पाहा." त्यानें नवलानें एकदां माझ्याकडे, एकदां मामांकडे पाहिलें, आणि मग आपला अंगठा घोड्यावर ठेवला.